वीस किलोच्या पटीत

आमच्या काट्याला वीस किलोच्या खालचं काही कळत नाही.
ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, उसावर बसलेलं टोळीतलं पोर,
सगळं वीसच्या पटीत.
पोराला मी आधी उतरवतो.
तेवीस हंगाम हेच काम:
भरलेलं वजन, रिकामं वजन, वजाबाकी, शिक्का.

चिकोडीला डॉक्टर अंकलींनी कागद पुढं सरकवला.
साखर तीनशे बारा.
मी सवयीनं विचारलं, टन?
ते हसले नाहीत.
गोळी लिहिली, आणि म्हणाले, साखर बंद.
भात, भाकरी, चपाती, पोहे, उप्पीट, तेही बंद.
दर महिन्याला येऊन दाखवून जा.
बाहेर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं.

मालन सुपात ज्वारी घेऊन बसलेली.
"मग जेवायचं काय?" म्हणाली.
खरंच की.
आमच्यात जेवण म्हणजे भाकरी,
बाकीचं सगळं तिला लावून खायचं.
आता लावण तेवढं उरलं.
वांग्याची भाजी चमच्यानं खाताना
उजव्या हाताला काय करावं सुचेना,
मोडायला काही नव्हतं.
पहिल्या आठवड्यात डोकं असं ठणकायचं
की बॉयलरची शिट्टी कानातूनच निघते वाटायचं.
दोन अंडी, मेथी, ताक, मूठभर शेंगा,
आणि मालन पाठ फिरवून भाकरी खायची,
चोरी केल्यासारखी.
तिला म्हटलं, समोर बसून खा गं.
ती बसली, पण पापड मोडल्याचा आवाजसुद्धा
होऊ दिला नाही.

अत्तिहाळच्या भाच्याचा साखरपुडा.
आपल्या भाषेत लग्न ठरतं तेच साखरेच्या पुडीत,
नाही कुणाला म्हणायचं?
व्याही होळगी घेऊन उभे, तुपाची धार हातात,
"एक तरी घ्या हो, काट्याचे साहेब, तोंड गोड करा."
मी म्हटलं, तोंड गोडच आहे, रक्तसुद्धा.
ते हसले. मग गप्प झाले.
त्यांच्याही शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी दिसली.

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये,
असं शाळेच्या फळ्यावर असायचं.
आम्ही मुळासकट खाल्ला. पाला पेटवला,
चिमणी पेटवली, मळीचा वास अंगाला लावून घेतला,
दिवाळीला सवलतीच्या साखरेची थैली
खांद्यावरनं घरी आणली.
खाल्ल्या मिठाला जागतात माणसं.
साखरेला कोण जागतं?
यंदाची थैली अजून दाराआड आहे.
मुंग्यांनी तिचा पत्ता कुणाला विचारला नाही.

परवा रात्री पावणेतीनला रांग तुटली.
कुणी बघत नव्हतं.
मी केबिनमधून उतरलो आणि काट्यावर जाऊन उभा राहिलो,
एवढ्या मोठ्या लोखंडावर, चपला काढून.
वळून बघितलं. लाल आकडा: ८०.
चार महिन्यांपूर्वी असाच उभा राहिलो होतो, तेव्हा १००.
दवाखान्यातला काटा म्हणतो
चौऱ्याण्णवचे शहाऐंशी झाले.
म्हणजे आठ किलो माझे,
बारा किलो काट्यानं पदरचे घातले.
आयुष्यभर शेतकरी माझ्या खिडकीला येऊन म्हणाले,
साहेब, काटा मारतोय.
मीही शिक्का मारत म्हणत आलो,
काटा खोटं बोलत नाही.

थंडीत तळव्यांना लोखंड लागत होतं.
मी तसाच थोडा वेळ उभा राहिलो.

तेवढ्यात हुक्केरीकडचा ट्रॅक्टर आला, दुंडाप्पाचा.
मला काट्यावर अनवाणी बघून त्यानं इंजिन बंद केलं,
आणि काही विचारायचं म्हणून
रोजचंच विचारलं, "ऊटा आयतेन्री?"
या मुलखात कुणी कसा आहेस विचारत नाही,
जेवलास का विचारतात,
कानडीत, मराठीत, एकाच तोंडानं.
"आयत्रि," म्हटलं. झालं जेवण.
मग चपला शोधल्या,
आणि त्याच्या पोराला
उसावरून खाली उतरवून घेतलं.